मूत्रपिंडाचा कर्करोग : निर्णय एकट्याचा नसावा
उज्जैनच्या जिल्हा रुग्णालयात केमोथेरपीची सोय झाल्याने अनेकांची इंदूरची खेप वाचली. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर मात्र नेहमीची केमोथेरपी सहसा परिणामकारक ठरत नाही. गाठ ४ सेंटीमीटरपर्यंत असल्यास बहुधा तेवढाच भाग काढून मूत्रपिंड वाचवता येते. रोग पसरला असल्यास आधी मूत्रपिंड काढणे सर्वांच्याच हिताचे नसते, हे २०१८ च्या ‘कार्मेना’ चाचणीने दाखवले. म्हणूनच मूत्रशल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट व पॅथॉलॉजिस्ट यांचा विचारविनिमय शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावा. काढलेले मूत्रपिंड परत बसवता येत नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे सदस्य रुग्णालयांतील डॉक्टरांना असा सल्ला ऑनलाइन बैठकीतूनही घेता येतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी अशी बैठक झाली का, हे रुग्णाने निःसंकोच विचारावे.