कृत्रिम माशी आणि गोदा-दारणेचे मासे

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसे, केस आणि दोरा गुंडाळून गळालाच कीटकाचे रूप देतात. हीच कृत्रिम माशी. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर लांब जात नाही, म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. काठीच्या झोक्याने जाड दोरी हवेत उलगडते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते.

ही पद्धत वाढली ट्राउटसाठी. कार्प कुळातील माशांपुढे मात्र तिचा खरा कस लागतो. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा पाण्यासकट घास शोषून घेतो, चाखतो आणि नको असेल तर क्षणात थुंकतो. पिसांना कसली चव? त्यामुळे गळ ओढायला जेमतेम क्षणभर मिळतो. त्यात हे मासे कानाचेही तिखट. हवेच्या पिशवीतील कंपने बारीक हाडांच्या साखळीतून थेट आतल्या कानापर्यंत जातात. पाण्याखालून बाहेरचे जग दिसते ते सुमारे 97 अंशांच्या गोल झरोक्यातून, आणि काठावर ताठ उभा असलेला माणूस त्यात सहज येतो. म्हणूनच जाणकार वाकून, पाय न आपटता पुढे सरकतो.

मासा कोणता, हेही पाहावे लागते. कटला वरच्या थरातले प्लवक गाळून खातो. त्याच्यासाठी माशी टाकणे बहुधा व्यर्थच. मृगळ तळाशी चरतो. 1939 मध्ये भारतात आणलेला सायप्रिनस चिखलातल्या अळ्या उकरतो, म्हणून त्याला बुडणारी, अळीसारखी माशी लागते. दख्खनचा महाशीर म्हणजे खडशी. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. वाहत्या पाण्यात तो खेकडे, शंख, लहान मासे असे बरेच काही खातो, त्यामुळे या खेळाला तोच सर्वांत योग्य.

नाशिकजवळच्या दारणा नदीची कीर्ती मात्र एका चिमुकल्या माशाची आहे. होरा आणि मिश्रा यांनी 1938 मध्ये दारणेकाठच्या देवळालीतील माशांवरील लेखात ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी’ ही नवी जाती नोंदवली. आज ती अतिसंकटग्रस्त मानली जाते. अशा नदीत परके मासे सोडणे खेळाच्या हौसेपायीही समर्थनीय नाही.

कार्प कुळातील बहुतेक देशी मासे पावसाळ्यात, नव्या पाण्यावर अंडी घालतात. त्या काळात गळ टाकू नये, आणि एरवी लागलेली खडशी ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडावी.