गाडी दारात, पण कागद कोणाच्या नावावर?

कष्टकरी माणसाच्या घरात घराखालोखाल महाग वस्तू कोणती, असे विचारले तर आज बहुतेक ठिकाणी मोटारसायकल हेच उत्तर मिळेल. आमच्या वडिलांच्या पिढीने सायकलच्या दांडीवर पोराला बसवून आणि कॅरिअरला डबा अडकवून पाळ्या केल्या. १९७२ साली लुना आली, १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली आणि हळूहळू कामगाराच्या दारात इंजिनाची गाडी उभी राहिली. आज सफाई कामगार, वॉचमन, प्लंबर, गवंडी, कुरिअरवाला, कंपनीतला कंत्राटी कामगार, सगळ्यांची भाकरी या दोन चाकांवर आहे. गाडी बंद पडली की रोज बुडतो.

असे असूनही या वस्तूकडे आपण जितक्या काळजीने पाहायला हवे तितके पाहत नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधतो, पण चेनला तेल घालत नाही. सायलेन्सर बदलतो, पण विमा संपल्याची तारीख ठाऊक नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जुनी गाडी घेतो पण ती स्वतःच्या नावावर करत नाही. म्हणून या वेळी गाडीचे अर्थकारण, तिची निगा आणि तिच्यात केले जाणारे बदल यांविषयी सविस्तर लिहीत आहोत. घरातील भगिनींनीही हा लेख जरूर वाचावा, कारण शेवटी प्रश्न घराचा आहे.

कर्जाचा हिशेब आधी, गाडी नंतर

नवी गाडी घेताना दुकानातला माणूस हप्ता किती ते सांगतो. व्याज कोणत्या पद्धतीचे, हे आपण विचारले तरच सांगतो. समजा ७०,००० रुपयांचे कर्ज, तीन वर्षांची मुदत आणि व्याज १२ टक्के 'फ्लॅट'. याचा अर्थ तिन्ही वर्षे पूर्ण ७०,००० वर व्याज. म्हणजे २५,२०० रुपये व्याज आणि एकूण फेड ९५,२०० रुपये. हेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असते, तर हप्ता सुमारे २,३२५ रुपये आणि एकूण फेड ८३,७०० रुपये झाली असती. फरक ११,५०० रुपयांचा! फ्लॅट १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या आसपासचे व्याज. म्हणून प्रथम आपल्या पतपेढीत किंवा बँकेत चौकशी करावी, 'घटत्या शिलकीवर व्याज किती?' असा स्पष्ट प्रश्न विचारावा आणि मगच सही करावी.

कर्ज फिटले म्हणजे काम संपले असे नाही. आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढलेला असतो. त्याच्याकडून ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे तो उतरवून घ्यावा लागतो. हे राहिले तर पुढे गाडी विकताना अडचण येते.

स्टॅम्पपेपर म्हणजे मालकी नव्हे

आपल्याकडे बरेच जण जुनी गाडी घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण व्यवहार कसा होतो? स्टॅम्पपेपरवर चार ओळी, दोन साक्षीदार, चहा आणि चावी हातात. पुढे दोन-तीन वर्षांत तीच गाडी तशाच पद्धतीने दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते. आरसीवर नाव मात्र पहिल्याच माणसाचे.

याचा परिणाम काय होतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात पाहावे. मूळ मालकाने आपले वाहन २००७ साली विकले होते. पुढे ते हातोहात विकले गेले. २००९ साली त्या वाहनाने अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. नाव मात्र पहिल्या मालकाचेच होते. न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदणीत, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतले, गाडी दिली, पण जबाबदारी त्याच्याच डोक्यावर राहिली.

घेणाऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने ही रक्कम ठरवून दिली. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला तर ही रक्कम त्याच्या वारसांना मिळते. पण अट अशी की तो गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, विमा त्याच्या नावावर हवा आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवे. गाडी स्टॅम्पपेपरवर असेल तर या तिन्हींतल्या पहिल्याच अटीवर दावा अडतो. घरचा कर्ता गेल्यावर विधवा बाई ऑफिसच्या पायऱ्या झिजवते आणि तिच्या हातात नुसता स्टॅम्पपेपर असतो! थोडा सरकारी खर्च आणि एक-दोन खाडे वाचवायला गेलेल्या माणसाच्या घरावर ही पाळी यावी, हे दुःखाचे आहे.

नाव बदलण्याची पद्धत अवघड नाही. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ वर कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० वर अर्ज करायचा. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणे म्हणजे नाव बदलणे नव्हे. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचे नाव आधीच नोंदवण्याची सोय आहे, तिचाही लाभ घ्यावा.

जुनी गाडी घेताना चासी नंबर व इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. दंडाची ई-चलने बाकी आहेत का, बोजा आहे का, हे एमपरिवहन अॅपवर पाहता येते. थंड इंजिन किक मारून सुरू करून घ्यावे; विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर शंका घ्यावी. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑईल जाळते आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च पुढे उभा आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर कडक होऊन चिरते.

वहीतला हिशेब आणि रविवारची अर्धी घटका

आम्ही कारकुनी करतो, म्हणून असेल, पण गाडीची एक वही आम्ही ठेवतो. पेट्रोल, किलोमीटर, ऑईल बदलल्याची तारीख, गॅरेजचे बिल. अशी वही प्रत्येक घरात असावी. वही सांगते ते कान सांगत नाही.

एक साधे उदाहरण. जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. गाडी ६० चा अॅव्हरेज देत असेल तर १३ लिटर पेट्रोल लागते. तोच ५० वर आला तर १५.६ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला २६० आणि वर्षाला ३,१२० रुपये जादा. मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल इतकी ही रक्कम आहे, आणि ती जाते कोठे? कमी हवेच्या टायरात, घासणाऱ्या ब्रेकमध्ये, कोरड्या चेनमध्ये आणि धुळीने तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये.

यातले बरेचसे काम घरच्या घरी होते. आठवड्याला टायरची हवा पाहावी. किती हवी ते गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरात जादा लागते. चेन मधोमध वरखाली हलवून पाहावी. साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन उतरते. चेनला गिअर ऑईल लावावे, इंजिनातून काढलेले काळे जळके ऑईल लावू नये. त्यात धातूचा बारीक कचरा असतो.

इंजिन ऑईल दोन-तीन मिनिटे गाडी चालू करून, बंद करून, तेवढाच वेळ थांबून, मधल्या स्टँडवर पाहावे. ऑईल घेताना डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले पाहावे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे मोटारीचे ऑईल घातले तर क्लच घसरू शकतो. ड्रम ब्रेकवर बाहेरच्या बाजूला एक छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला की लायनर संपले.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन पेट्रोलचे इंजेक्शन आले. या गाड्या टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवू नयेत, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. वायरिंगवर थेट पाण्याचा फवारा मारू नये. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वायसर मेकॅनिककडून एकदा तपासून घ्यावेत आणि तेच पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नये.

हौस असावी, पण कोणाच्या जिवावर नको

तरुण मुलांना गाडी सजवण्याची हौस असते. पहिल्या पगाराची गाडी, तिच्यावर प्रेम असणारच. त्यांना रागावून उपयोग नाही, समजावून सांगावे लागेल.

गाडी आणली की पहिले काय निघते? साडीगार्ड. ते 'म्हाताऱ्या माणसाच्या गाडीसारखे' दिसते म्हणे! अरे बाबा, त्या मागच्या सीटवर तुझी आई बसणार आहे, बहीण बसणार आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर क्षणात माणूस खाली ओढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला पायदान आणि मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण सांगितले आहे. हा नियम बाईच्या जिवासाठी आहे, तो स्पॅनरने काढून फेकू नये.

फटाके फोडणारा सायलेन्सर लावला की गल्लीतले लहान मूल दचकून उठते आणि आजारी माणसाला झोप लागत नाही. मिरवणुकीत असा आवाज केला तर लोक समाजाला बोल लावतात, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या व प्रदूषणाच्या नियमभंगाला पहिल्या गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रुंद टायरने अॅव्हरेज कमी होतो. जादा दिवे मूळ वायर कापून जोडले तर वायरिंग जळते.

सगळेच बदल वाईट नाहीत. अपंग बांधवांसाठी बाजूची चाके लावून गाडी जुळवून घेण्याची वाट कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. आरटीओची मंजुरी घेऊन ती नोंदवून घ्यावी. मागे बसणाऱ्यासाठी मजबूत पकड, चांगली सीट, फ्यूज लावून बसवलेला मोबाइल चार्जर, यांवर खर्च केला तर तो कामी येतो.

आणि सर्वांत मोलाची भर म्हणजे हेल्मेट. सरकारी अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. बापाच्या डोक्यावर हेल्मेट आणि आई-मुलाचे डोके उघडे, हे चित्र आपण रोज पाहतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट व पट्टा बंधनकारक असून वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचेच घ्यावे. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात 'जरा दुकानातून येतो' म्हणून चावी देऊ नये. त्याच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

भगिनींना आमची एक विनंती आहे. या रविवारी गाडीचे सगळे कागद बाहेर काढायला सांगा. आरसीवर नाव कोणाचे, विमा कधी संपतो, वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे का, लायसन्सची मुदत किती, पीयूसी चालू आहे का, हे स्वतः वाचा आणि एका कागदावर लिहून घरात ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळकरी मुलांनी वाचून दाखवावे. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी संध्याकाळी तासभर बसून शेजाऱ्यांचे फॉर्म २९ व ३० भरून द्यावेत. घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू आपल्या नावावर असलीच पाहिजे, आणि तिच्यावर निघालेला माणूस संध्याकाळी घरी आलाच पाहिजे.