खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस आणि घरट्यातील परजीवी

परसातील कुक्कुटपालनात अंडी उबवण्याचे काम आजही मुख्यतः खुडूक कोंबडीच करते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित वाणांत खुडूक बसण्याची प्रवृत्ती फारशी उरलेली नाही; अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत ती मागे पडली. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची ओळख असलेल्या कडकनाथची मादीही उबवणीस भरवशाची मानली जात नाही. तिची अंडी पुष्कळदा गावठी कोंबडीखालीच ठेवली जातात. याउलट असील कोंबडी अंडी कमी देते, पण एकदा बसली की सहसा उठत नाही. सारांश, जेथे वीज अनिश्चित आणि उबवणी यंत्र परवडण्यापलीकडचे, तेथे खुडूक गावठी कोंबडी हेच पिल्लांचे एकमेव साधन असते.

मात्र हे साधन अनेकदा अर्ध्यावर दगा देते. बारा अंडी ठेवावीत आणि पाच-सहा पिल्ले निघावीत, किंवा दुसऱ्या आठवड्यात कोंबडीने घरटे सोडावे, हा अनुभव विस्तार कार्यकर्त्यांना नवा नाही. दोष मग कोंबडीच्या चंचलपणाला, कोंबड्याला किंवा ढगांच्या गडगडाटाला दिला जातो. गडगडाटापासून रक्षण म्हणून घरट्यात कोळसा किंवा लोखंडी खिळा ठेवण्याची चाल देशाच्या अनेक भागांत आहे. त्याने नुकसान काहीच होत नाही. पण खिळा ठेवणाऱ्याने त्याच वेळी तळाचा पेंढा उचलून पाहिला, तर खरे कारण बऱ्याच वेळा तेथेच हालचाल करताना दिसेल.

बैठकीतील कोंबडी आणि सात दिवसांचे गणित

प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले की कोंबडी अंडी देणे थांबवते, पिसे फुलवून बसते, जवळ जाणाऱ्यावर गुरगुरते. छातीखालची पिसे विरळ होऊन उघडी त्वचा थेट अंड्यांना लागते व अंड्यांना सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस ऊब मिळते. दिवसातून साधारण एकदा, पंधरा-वीस मिनिटे ती उठते. तेवढ्यात खाणे, पाणी, विष्ठा आणि जमलेच तर धूळस्नान उरकते. तेवढा गारवा गर्भाला सहज सोसतो.

परजीवींच्या दृष्टीने मात्र ही अवस्था मेजवानीची असते. एरवी फिरती कोंबडी मातीत लोळून, पिसे चोचीने साफ करून उवा-माइटची संख्या आटोक्यात ठेवते. बैठकीच्या काळात धूळस्नान नाममात्र उरते, शरीर सतत उबदार असते आणि जागा बदलत नाही. तांबडा माइट हा पिकांवरील लाल कोळ्याचा रक्त पिणारा भाऊबंद होय. हा कीटक नव्हे, आठ पायांचा अष्टपाद आहे; शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. दिवसा तो टोपलीच्या विणीत, भिंतीच्या भेगांत, पेंढ्याच्या नळ्यांत दडतो आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा त्याचा प्रवास अवघ्या सात दिवसांत पुरा होऊ शकतो. कोंबडीचे एकवीस दिवस म्हणजे माइटच्या तीन पिढ्या. पहिल्या दिवशी घरट्यात असलेले मोजके माइट तिसऱ्या आठवड्यात हजारोंच्या घरात जातात. पिल्लू कवच फोडू लागते, नेमका त्याच वेळी हा कळस गाठला जातो.

उष्ण प्रदेशातील दुसरा माइट, ऑर्निथोनिसस बर्सा, याचेही जीवनचक्र जवळपास तेवढेच वेगवान आहे. तो घरट्यात वाढतो आणि कोंबडीच्या अंगावरही, विशेषतः गुदद्वाराभोवतीच्या पिसांत राहतो. या दोहोंच्या चाव्याने कोंबडी रात्रभर अस्वस्थ होते, उठते-बसते, अंडी उघडी पडतात. बैठकीत तिचे खाणे आधीच घटलेले असते. त्यात रक्त जाऊन तुरा फिका पडतो. शेवटी ती घरटे सोडते. अशा कोंबडीला चंचल म्हणणे अन्यायाचे आहे.

घरट्यातील इतर पाहुणे

कोंबडीच्या उवा माणसाच्या उवांप्रमाणे सोंडेने रक्त शोषत नाहीत. त्या पिसे व त्वचेचे कण कुरतडतात. अंगावरची ऊ, मेनॅकँथस स्ट्रॅमिनियस, गुदद्वाराजवळ पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके चिकटवते. यांपैकी सर्वांत घातक ती डोक्यातील ऊ, क्युक्लोटोगॅस्टर हेटेरोग्राफस. प्रौढ कोंबडीला तिचा विशेष त्रास जाणवत नाही, पण पिल्ले अंड्यातून बाहेर पडून आईच्या पिसांत शिरताच ती त्यांच्या डोक्यावर सरकते. चार-पाच दिवसांचे पिल्लू डोळे मिटून, पंख पाडून उभे राहते आणि मरते. मालक त्याला ‘हवा लागली’ म्हणतो. अशा प्रत्येक पिल्लाच्या डोक्यामागची लव बाजूला करून पाहणे ही विस्तार कार्यकर्त्याची पहिली कृती असावी.

कोंबडीची गोचीड, आर्गस पर्सिकस, जुन्या मातीच्या भिंतींत व लाकडी खुराड्यांत अनेक महिने उपाशी राहू शकते. म्हणूनच वर्षभर रिकामे असलेले खुराडे ‘स्वच्छ’ समजू नये. तिची प्रौढ अवस्था रात्री थोडा वेळ रक्त पिऊन परत भेगेत जाते, तर अळी अवस्था पंखाखाली बरेच दिवस चिकटून राहते. बोरेलिया अँसेरिना या जिवाणूमुळे होणारा स्पायरोकिटोसिस हा रोगही हीच गोचीड पसरवते. पिसवा, लाल मुंग्या आणि फुटलेल्या अंड्यावर येणाऱ्या माश्या यांची भर वेगळीच. लाल मुंग्या कवच फोडणाऱ्या ओल्या पिल्लावर तुटून पडतात. घरटे विटांवर ठेवून भोवती कोरड्या राखेचा पट्टा घातल्यास, किंवा चार पायांच्या माचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास हा धोका टळतो.

ओळख पटवण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात अंड्यांवरून पांढरा कागद किंवा फडके फिरवावे. त्यावर सरकणारे करडे-तांबडे ठिपके दिसले, चिरडल्यावर रक्ताचा डाग उमटला, तर निदान झाले. अंड्यांच्या कवचावरील तपकिरी शिंतोडे आणि अंडी हाताळणाऱ्या बाईच्या मनगटाला सुटणारी खाज याही तितक्याच बोलक्या खुणा आहेत. नालीदार पुठ्ठ्याचा हातभर तुकडा घरट्याच्या तळाशी ठेवला, तर माइट त्याच्या नळ्यांत आश्रय घेतात. दोन-तीन दिवसांनी तो काढून जाळावा व नवा ठेवावा. पाहणी आणि बंदोबस्त दोन्ही एकाच पुठ्ठ्यात होतात.

घरटे कशाचे असावे

विणलेली बांबूची टोपली किंवा डालगे स्वस्त व हवेशीर असते, पण कीटकशास्त्राच्या नजरेने तिची वीण म्हणजे शेकडो लपणी. बंगालच्या बाजूला, विशेषतः बांगलादेशात, हाजोल नावाचे मातीचे घरटे वापरतात. माती व पेंढ्याच्या काल्यापासून घडवलेल्या या उथळ भांड्याच्या कडेलाच दाणा आणि पाणी ठेवण्याच्या वाट्या असतात. कोंबडीला लांब जावे लागत नाही आणि बैठकीतील तिची झीज कमी होते. त्याचा आणखी एक लाभ आहे. त्याला सांधे नसतात, तडा गेलाच तर लिंपता येतो आणि रिकामे झाल्यावर उन्हात तापवता येते. जेथे कुंभारकाम किंवा लिंपणाची सवय आहे, तेथे हा नमुना करून पाहण्यासारखा आहे. टोपलीच वापरायची असल्यास तिला आतून-बाहेरून शेणमातीचा हात देऊन वाळवावी. तळाशी दोन-तीन बोटे कोरडी माती वा रेती आणि वर उन्हात तापवलेला भाताचा पेंढा पुरे. ओलसर भुसा टाळावा. त्यात बुरशी धरते.

एकदा वापरलेला पेंढा पुन्हा वापरणे ही सर्वांत महाग काटकसर होय.

बैठकीचे वेळापत्रक

खुडूक कोंबडी लगेच चांगल्या अंड्यांवर बसवू नये. दोन दिवस एक-दोन साध्या अंड्यांवर बसवून तिची चिकाटी पाहावी आणि तेवढ्यात तिचे अंग तपासावे. पंखांखाली, मानेवर, गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळापर्यंत बारीक चाळलेली, पूर्ण थंड व कोरडी लाकडाची राख चोळावी. राखेचे कण कीटकाच्या अंगावरील मेणाचा पातळ थर खरवडतात आणि तो कोरडा पडून मरतो. राख ओली झाली की हा गुण जातो, शिवाय ती त्वचेला जाळते. लिखांवर राखेचा परिणाम होत नाही. त्यांतून आठवडाभरात नव्या उवा निघतात. म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी राख पुन्हा लावावी.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसच बरे, कारण तापलेल्या खोलीत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, अंडी स्वतः भिजणार नाहीत अशा बेताने, ती टिकतात. गावठी कोंबडीला दहा ते बारा अंडी पुरेशी. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात.

सातव्या रात्री अंडी उजेडासमोर धरून तपासण्याची शिफारस जुनीच आहे. अफलित व मेलेली अंडी त्याच वेळी बाजूला काढली जातात. या तपासणीला घरटे बदलण्याची जोड द्यावी. तशीच दुसरी टोपली नव्या पेंढ्याने तयार ठेवून अंडी तीत हलवावीत, ती अगदी त्याच जागी ठेवावी आणि अंधारातच कोंबडी वर बसवावी. जुना पेंढा लगेच जाळावा, टोपलीवर उकळते पाणी ओतून ती उन्हात टाकावी. चौदाव्या रात्री हेच पुन्हा करावे. माइटचे चक्र सात दिवसांचे असल्याने प्रत्येक पिढी प्रौढ होऊन अंडी घालण्याच्या सुमारास तिचा आसराच काढून घेतला जातो. अंधारात, त्याच जागी बदल केल्यास बहुतेक कोंबड्या तो मानून घेतात. अठराव्या दिवसानंतर मात्र घरट्याला हात लावू नये.

बैठकीच्या जागेपासून चार पावलांवर, सावलीत, कोरडी माती व राख यांनी भरलेला वीतभर खोल खड्डा ठेवावा. रोजच्या पंधरा मिनिटांत कोंबडी स्वतःच त्याचा उपयोग करते.

काय वापरू नये

खुराड्यात ‘पावडर मारण्याची’ सवय अजून गेलेली नाही. गॅमेक्झिन या नावाने घरोघर ठाऊक असलेल्या बीएचसीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. कोंबड्यांच्या उवांसाठी जुन्या पुस्तिकांत सर्रास सुचवलेल्या कार्बारिलवर ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बंदी आली. त्या पुस्तिका अजून काही कपाटांत आहेत. त्या काढून टाकाव्यात. पिकावरील फवारणीचे औषध कोंबडीवर किंवा घरट्यात वापरणे हा तर सरळ विषप्रयोग आहे. तंबाखूची पाने घरट्यात घालण्याची चाल काही भागांत आहे, परंतु त्यातील निकोटिन त्वचेतून शोषले जाते. सीताफळाच्या बियांची भुकटी उवांना मारते, पण डोळ्यांना गंभीर इजा करते. कडुनिंबाचा पाला निरुपद्रवी आहे. मात्र त्याच्यावर भिस्त ठेवून पेंढा न बदलणे योग्य नव्हे.

रॉकेल किंवा कोणतेही तेल बैठकीच्या कोंबडीला लावू नये. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून गर्भ श्वास घेतो आणि उबवणीच्या काळात अंड्याचे बरेच पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. पिसांवरचे तेल ही छिद्रे बुजवते आणि निरोगी गर्भ गुदमरतो. परजीवींचा उपद्रव हाताबाहेर गेल्यास रिकाम्या खुराड्याच्या भेगा ज्योतीने शेकाव्यात, चुना लावावा आणि औषधाचा निर्णय पशुवैद्यकावर सोडावा.

पिल्ले निघाल्यावर

सर्व पिल्ले कोरडी होऊन आईसह बाहेर पडली की त्याच दिवशी घरटे जाळून वा उकळत्या पाण्याने साफ करावे. यजमान निघून गेल्यावर उपाशी माइट घरात शिरतात व माणसांनाही चावतात. लहान मुलांच्या अंगावरील अशा पुरळाचे मूळ पुष्कळदा ओसरीवरच्या रिकाम्या टोपलीत सापडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लांची डोकी पाहावीत. ऊ दिसल्यास करंगळीच्या टोकाला लागेल एवढेच खोबरेल डोक्यामागे लावावे; अधिक लावल्यास लव चिकटून पिल्लू गारठते. आई ऊब देत असल्याने दिव्याची गरज नसते, परंतु पहिले दोन आठवडे तिला पिल्लांसह डालग्याखाली किंवा जाळीत ठेवल्यास घार, कावळा व मुंगसापासूनची मर बरीच घटते. कण्या, ज्वारीचा भरडा आणि वाळवी हे चांगले सुरुवातीचे खाद्य आहे. ओल्या शेण-पेंढ्याने भरलेले मडके वारुळाजवळ पालथे घातल्यास एक-दोन दिवसांत वाळवी मिळते. मात्र शेणकिडे व माश्या यांच्यामार्फत फीतकृमी येतात, म्हणून उकिरड्यावर पिल्ले सोडणे आणि वाळवी आणून घालणे यांत फरक करावा.

मानमोडी अर्थात राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब द्यावी लागते. अडचण अशी, की कुपी साधारणतः शंभर मात्रांची आणि घरी पिल्ले दहा. म्हणून वस्तीतील आठ-दहा घरांनी आपल्या खुडूक कोंबड्या एकाच दोन-तीन दिवसांच्या आत बसवाव्यात. सगळ्यांची पिल्ले बरोबरच निघतात, सातव्या व चौदाव्या रात्रीची अदलाबदल एकमेकांच्या मदतीने होते आणि बर्फात आणलेली कुपी मिसळल्यापासून दोन तासांच्या आत संपते.