बांकावर बसणारीं माणसें

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं घरोघरीं एक ठराविक वाद सुरू होतो. पूर्वीं त्या वादास जागाच नव्हती. परीक्षा संपली कीं ट्रंक भरावयाची आणि आजोळची वाट धरावयाची, एवढाच कार्यक्रम असे. हल्लीं आजोळ बहुधा त्याच शहरांत, बसच्या चार थांब्यांपलीकडे असतें. मूल सकाळीं जाऊन सायंकाळीं परत येतें. तेव्हां सुटींत मुलांस ‘कोठें तरी’ न्यावें लागतें, आणि कोठें तें मुलेंच ठरवितात. आमच्या घरीं गेल्या दोन वर्षांत त्याचें एकच उत्तर येत होतें: थीम पार्क. या शब्दास आम्हीं ‘क्रीडानगरी’ असा प्रतिशब्द सुचवून पाहिला. नातवंडांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि पुन्हा कधींहि उच्चारला नाहीं. या लेखांत मात्र तो वापरण्यास आम्हांस कोणाची आडकाठी नाहीं.

अशा ठिकाणीं जाऊं नये, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. लहानपणीं गांवच्या जत्रेंत आकाशपाळण्यांत बसूं देत नाहींत म्हणून आम्ही स्वतः एक दिवस उपाशी राहिलों होतों. तेव्हां नातवंडांच्या हट्टावर बोलण्याचा अधिकार आम्हीं तेव्हांच गमावला. शिवाय ही कांहीं आजचीच टूम नव्हे. डेन्मार्कच्या राजधानींतील टिव्होली हें उद्यान 1843 सालचें असून अद्याप चालू आहे. आपल्याकडे दिल्लीस 1984 सालीं अप्पूघर निघालें. 1982 च्या आशियाई खेळांतील हत्तीचें नांव त्यास दिलें होतें. तें 2008 सालीं बंद झालें. मुंबईस गोराईच्या खाडीपलीकडे 1989 सालीं एस्सेलवर्ल्ड सुरू झालें. आमच्या चिरंजीवांस आम्हीं लहानपणीं होडीनें तेथें नेलें होतें. आतां तेंहि बंद आहे. खोपोलीजवळची इमॅजिका 2013 सालची. आम्ही गेलों तें ठिकाण यांपैकीं नव्हे, परप्रांतांतील आहे. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण जें घडलें त्यांत त्या ठिकाणापेक्षां आमचाच वाटा अधिक होता.

या साऱ्या नगऱ्यांचा मूळ पुरुष ज्यास म्हणतां येईल, त्या वॉल्ट डिस्नेची एक हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्या दोन मुलींना तो सुटीच्या दिवशीं लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कांत नेई. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि हा बाहेर बांकावर बसून शेंगदाणे खाई. मुलांनीं खेळावें आणि बापानें बांकावर कंटाळत बसावें, ही काय रीत झाली? दोघांनाहि एकत्र रमतां येईल अशी जागा असावयास हवी, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यांतून कॅलिफोर्नियांत संत्र्यांच्या बागा तोडून अवघ्या एका वर्षांत डिस्नेलँड उभें राहिलें आणि 17 जुलै 1955 रोजीं उघडलें. तो पहिला दिवस मोठा मौजेचा झाला. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळें पाणपोया किंवा शौचगृहें, यांपैकीं एकच काम वेळेवर पुरें होणार होतें. डिस्नेनें शौचगृहें निवडलीं. ऊन असें कडक कीं ताजें डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या उंच टाचा त्यांत रुतल्या. खोटीं निमंत्रणपत्रें घेऊन हजारों माणसें आंत शिरलीं. आणि हें सर्व दूरचित्रवाणीवर थेट दाखविलें जात होतें! ऊन, पाणी आणि गर्दी हीं तीन दुःखें तेव्हांपासून या धंद्याच्या कुंडलींतच लिहिलेलीं आहेत.

आमची मंडळी सहा: आम्ही, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि तिकिटें मिळून जो खर्च झाला त्यांत घराचा दोन महिन्यांचा किराणा सहज निघाला असता. हा हिशेब आम्हीं मनांतच ठेवावयास हवा होता. पण मोठ्या माणसांच्या मनांतील हिशेब लपत नाहीं. पैसे एवढे पडले, तेव्हां आनंदहि तेवढाच झाला पाहिजे, अशी एक अदृश्य वसुली सकाळपासून मुलांच्या मागें लागते. मूल क्षणभर गप्प बसलें कीं “मजा येतेय ना?” असें दहा वेळां विचारलें जातें. आमचे चिरंजीव हातांतील नकाशावर खुणा करीत होते, आणि एखादें यंत्र चुकलें कीं जणूं कांहीं हप्ता बुडाला असें त्यांचें तोंड होई.

दारांतच पहिला प्रसंग उभा राहिला. सौभाग्यवतींनीं घरून दशम्या, कोरडी चटणी आणि बेसनाचे लाडू आणले होते. बाहेरचें अन्न आंत नेण्यास मनाई, असें रखवालदारानें सांगितलें. “अहो, गोळी घेतल्यावर मला खायला लागतं,” असें त्यांनीं परोपरीनें सांगून पाहिलें. शेवटीं आम्ही सहाजणांनीं दारालगत उभें राहून मिळून नऊ लाडू संपविले, आणि त्यानंतर दोन तास कोणास गरगर फिरणाऱ्या कोणत्याहि वस्तूकडे पाहवेना.

दुसरा प्रसंग उंचीचा. प्रत्येक मोठ्या यंत्रापाशीं एक रंगविलेली पट्टी उभी असते. कोठें 120 सेंटिमीटर, कोठें 140. त्याहून बुटक्या मुलास आंत घेत नाहींत, आणि तें योग्यच आहे. अंगावर येणारा लोखंडी अडसर ठराविक बांध्यासाठीं केलेला असतो. लहान मूल त्यांतून निसटूं शकतें. पण हें आम्हीं नातीस घरीं सांगितलें नव्हतें. तिनें तीन ठिकाणीं पट्टीपाशीं टांचा उंचावून पाहिल्या. तिसऱ्या ठिकाणीं तेथल्या मुलानें हळूच तिच्या खांद्यांवर हात ठेवून तिला खालीं टेकविलें, तेव्हां ती रडली नाहीं. फक्त आपल्या चपलांकडे पाहत राहिली. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं मुलांची उंची घरींच भिंतीशीं मोजावी, कोणत्या यंत्रास किती लागते हें त्या नगरीच्या संकेतस्थळावर पाहावें, आणि तुला येथें येथें बसतां येणार नाहीं हें मुलास निघण्यापूर्वींच सांगावें. घरीं झालेली निराशा घरांतल्या घरांत मुरते.

रांगांविषयीं तर किती लिहावें! डेव्हिड मेस्टर नांवाच्या अभ्यासकानें 1985 सालीं रांगेंतील माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला. हाताला काम नसतां घालविलेला वेळ लांब वाटतो, आणि किती थांबावें लागणार हें ठाऊक नसलें तर तो आणखीच लांब वाटतो, असें त्यांत म्हटलें आहे. आम्हीं भेंड्या लावल्या. मागच्या एका अनोळखी कुटुंबांतील आजीबाई दुसऱ्या पक्षांत आल्या आणि त्यांनीं ‘ळ’वर आम्हांस चांगलेंच अडविलें. तो पाऊण तास आम्हांस कसा गेला तें कळलें नाहीं. पण तेवढ्यांत शेजारच्या मोकळ्या वाटेनें एक कुटुंब भरभर चालत पुढें गेलें.

“आजोबा, ते आपल्या मागून आले ना? मग पुढें कसे गेले?” नातीनें विचारलें.

“त्यांनीं जास्त पैसे दिले, बाळ.”

“आमच्या शाळेंत रांग मोडली तर बाई मागं पाठवतात,” ती म्हणाली.

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अमेरिकेंतील डिस्नेच्या नगरींत 1999 सालापासून अशी आधीं वेळ राखून ठेवण्याची सोय होती, पण ती विनामूल्य होती; 2021 पासून तिच्या जागीं पैसे घेणारी व्यवस्था आली. आतां ही रीत सर्वत्र आहे. व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नसेल. पण वर्गांत आम्ही जी रांग शिकवितों, ती येथें दुपारच्या उन्हांत नातवंडांच्या डोळ्यांदेखत मोडली जाते, आणि मोडणाऱ्यास पावती मिळते, हें आम्हांस झोंबलें.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. उलटें वेटोळें घेणाऱ्या रोलर कोस्टरपाशीं नातू थबकला. त्याची उंची पुरेशी होती. आम्हीं त्यास धीर देण्यासाठीं शास्त्र सांगावयास घेतलें. आम्ही संस्कृत शिकविणारे. पण शाळेंत शास्त्रशिक्षकांच्या पंगतीस बसून जें कानांवर पडलें तें उपयोगी पडतें. या गाडीस स्वतःचें यंत्र नाहीं. सांखळीनें तिला चढावर ओढून नेतात, पुढें ती आपल्याच वजनानें धांवते. 1895 सालीं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर असें एक वेटोळें केलें होतें, पण तें पुरें वर्तुळाकार होतें. वर्तुळांत तळाशीं माणसास आपलें वजन सहापट झाल्यासारखें वाटतें; लोकांच्या मानांस हिसके बसले आणि तो प्रकार मागें पडला. पुढें वर्नर स्टेंगल या जर्मन अभियंत्यानें वेटोळ्यास थेंबासारखा आकार दिला, तळाशीं रुंद आणि माथ्यावर आवळलेला. 1976 सालीं कॅलिफोर्नियांत तसें पहिलें वेटोळें उभें राहिलें, आणि मानेवरचा भार बराच कमी झाला. नातवानें सारें लक्ष देऊन ऐकलें. मग तो म्हणाला, “मला कळलं. पण मला भीति वाटते.”

उत्तर तर्कास धरून होतें. तेथेंच आम्हीं थांबावयास हवें होतें. पण रांगेंत त्याच्याच वयाच्या दोन मुली हांसत उभ्या होत्या, चिरंजीवांनीं “पैसे भरलेत रे” म्हणून पुटपुट केली, आणि पस्तीस वर्षें वर्गांत कमावलेला आवाज आमच्या तोंडून बाहेर पडला: “मग जा, बस बहिणीजवळ बांकावर!” रांगेंतील दहा-पांच माणसांनीं वळून पाहिलें. मुलाचे कान लाल झाले. तो एक शब्द न बोलतां बापाबरोबर आंत गेला.

बांकावर आम्ही जाऊन बसलों. समोर सांखळीचा कडकड आवाज करीत गाडी चढत होती. नात आमच्या मांडीवर डोकें ठेवून वर पाहत होती. त्या बांकांवर आमच्यासारखीं बरींच मंडळी होतीं: गरोदर बायका, पाठ धरलेले काका, पिशव्या राखणाऱ्या आत्याबाई, आणि सेंटिमीटरांनीं हुकलेलीं मुलें. डिस्नेस बांकाचा एवढा तिटकारा कां आला असावा, हें आम्हांस उमगेना. नातीनें तेवढ्या वेळांत तीन कुटुंबांतील मुलांशीं ओळखी केल्या आणि एका मुलीस आमच्या कानांतील यंत्र दाखविलें.

गाडी परत आली. नातू पांढराफटक पडला होता. पाणी प्याला, बसला. बऱ्याच वेळानें त्यानें विचारलें, “आजोबा, तुम्ही का नाहीं बसलात?”

“आम्हांला रक्तदाब आहे ना,” आम्हीं म्हटलें.

रक्तदाब आहे, तेथील फलकावर तसल्या माणसांस मनाईहि लिहिलेली होती. पण फलक वाचण्यापूर्वींच, सांखळीचा तो आवाज ऐकतांच, आमचे पाय मागें आले होते, आणि हें त्यानें पाहिलें होतें. तो पुढें कांहीं बोलला नाहीं. सायंकाळीं जलक्रीडेच्या भागांत सूनबाईंनीं दोन्हीं मुलांना उथळ पाण्यांत सोडलें; तेथें कोणतीहि पट्टी नव्हती, रांग नव्हती, आणि त्यांना बाहेर काढतांना रखवालदारास शिटी वाजवावी लागली. बाहेर पडण्याची वाट खेळण्यांच्या दुकानांतूनच काढलेली असते, तिच्याविषयीं न लिहिलेलेंच बरें.

रात्रीं मुक्कामावर आम्हीं नातवास गच्चीवर नेलें आणि सांगितलें, “दुपारीं आमचं चुकलं. लोकांसमोर तसं बोलायला नको होतं. आणि भीति आम्हांलाहि वाटली होती.” त्यानें ऐकून घेतलें. “तुम्हांला किती वाटली?” एवढेंच त्यानें विचारलें. “तुझ्यापेक्षां जास्त,” आम्हीं म्हटलें. मग तो वेटोळ्याच्या माथ्यावर शहर कसें उलटें दिसलें तें सांगूं लागला. डोळे मिटलेले होते, पण एकदां उघडले, असें म्हणाला.

घरीं परतल्यावर शेजारचीं मुलें जमलीं. नातू अंगणांत उभा राहून हातवारे करीत होता. गाडी केवढी उंच, कशी उलटी झाली, आणि आपल्याला मुळींच भीति वाटली नाहीं, हें त्यानें दोनदां सांगितलें. दुसऱ्यांदा सांगतांना त्यानें एकवार ओसरीकडे पाहिलें. आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें.