पाऊस किती पडला, कुठे मोजला?

२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरातला माणूस विसरलेला नाही. लोकल बंद पडल्या. कामावर गेलेली माणसे रात्रभर गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होती. साकीनाक्याला दरड कोसळली आणि डोंगराखालची घरे माणसांसकट गाडली गेली.

त्या दिवसाची नोंद काय सांगते? चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्याला फक्त ७३! केवळ कुलाब्याचा आकडा असता तर आपल्यावरचा प्रलय कागदावर साधा 'मुसळधार' ठरला असता. म्हणूनच महापालिकेने नंतर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले.

हवामान खाते सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचा पाऊस मोजते. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने २६ जुलैला सांताक्रूझच्या दहा बाय दहाच्या खोलीच्या छपरावर साडेआठ हजार लिटरहून अधिक पाणी कोसळले!

आता इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण इशारा साऱ्या जिल्ह्याला असतो, उतारावरचे घर मात्र आपले असते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात डोंगर खचून कित्येक कुटुंबे संपली. आधीच्या पावसाने भिजून जड झालेली माती नारिंगी इशाऱ्यातही सुटू शकते. भिंतीला नवी भेग दिसली, झाड किंवा खांब कलला, उतारावरून गढूळ पाणी येऊ लागले, तर लाल रंगाची वाट पाहू नका. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडा. भांडीकुंडी पुन्हा घेता येतील.

आमची एक सूचना आहे. वस्तीतल्या शाळकरी मुलांनी सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजून तारखेसह वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. साडेसहा सेंटीमीटर भरले की मुसळधार, वीसच्या वर गेले की अत्यंत मुसळधार. ही नोंद सरकारी नव्हे. पण आपल्या गल्लीत कोणत्या पावसाला पाणी शिरते, हे चार पावसाळ्यांत कळेल. संरक्षक भिंत किंवा नालेसफाई मागायला वॉर्ड ऑफिसात जाल, तेव्हा ती वही बरोबर न्या. तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार लिहिलेल्या आकड्याला वजन असते.