डॅक असतां प्रीअँप हवा काय?

घरीं संगीत ऐकण्याची हौस असलेल्या कुटुंबांत हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. संगणकांत किंवा तबकडीवर आंकड्यांच्या रूपानें सांठविलेल्या संगीताच्या विजेच्या लहरी करणारें जें यंत्र, ज्यास संक्षेपानें ‘डॅक’ म्हणतात, त्यावरच पुष्कळदां आवाज कमीजास्त करण्याची कळ असते. मग डॅक व पॉवर अँप्लिफायर यांच्यामध्यें प्रीअँप नांवाची आणखी एक पेटी घेण्याचें प्रयोजन काय? विक्रेते बहुधा पेटीच्या बाजूनें बोलतात, यांत नवल नाहीं.

प्रीअँपचीं कामें मूळचीं तीन: अशक्त लहरीस बळ देणें, अनेक यंत्रांतून एकाची निवड करणें आणि आवाज आवरणें. यांपैकीं पहिलें बव्हंशीं संपलें आहे. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, आणि तिच्याबरोबर अशा यंत्रांतून पूर्ण जोरांत सुमारें २ व्होल्ट मिळावे असा प्रघात पडला. एवढे पुरतात कीं नाहीं हें हिशेबानेंच पाहावें. सामान्य पॉवर अँप्लिफायर आलेला दाब सुमारें २० पट करतो. म्हणजे २ व्होल्टांचे ४० होतात, आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्यांचे २०० वॅट! दिवाणखान्यांत निवांत ऐकण्यास मात्र सरासरी १ वॅटही पुष्कळ होतो, व त्यास मुळांत ०.१४ व्होल्ट पुरतात. तेव्हां बळ वाढविण्याचा प्रश्न उरत नाहीं. उरतो तो आवरण्याचा, आणि सारी मेख तेथेंच आहे.

बहुतेक डॅक आवाज आवरतात ते आंकड्यांना भागून. दर ६ डेसिबल उतरतांना एक ‘बिट’ खर्ची पडतो. २ व्होल्टांवरून ०.१४ वर येणें म्हणजे सुमारें २३ डेसिबल, जवळजवळ ४ बिट. कॉम्पॅक्ट डिस्कचें माप १६ बिटांचें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचें. त्यांतून ४ गेले कीं पायऱ्या अवघ्या ४,०९६ उरतात. तान्ह्या मुलाचा अंगरखा केवळ पूर्ण इंचांच्या खुणा असलेल्या पट्टीनें मापावा, तसा हा प्रकार. तंबोऱ्याचा विरत जाणारा स्वर अशा मापांत खडबडीत होतो. परंतु हा आक्षेप जुन्या यंत्रांचा. आजचे डॅक हेंच गणित २४ किंवा ३२ बिटांत करतात. २४ मधून ४ गेले तरी १०,४८,५७६ पायऱ्या राहतात, आणि सोळा बिटांचा सारा ऐवज त्यांत सुखानें मावतो.

एक उणीव मात्र राहते. डॅकच्या बाहेर पडणाऱ्या विजेची स्वतःची बारीक खरखर कळ उतरवूनही उतरत नाहीं, आणि थोड्या विजेवर मोठ्यानें वाजणाऱ्या स्पीकरांत ती रात्रीं ऐकूं येते. त्यावर उपाय स्वस्त आहे. १० ते २० डेसिबल उतरविणारी रोधकांची लहानशी जोडणी अँप्लिफायरच्या तोंडाशीं बसविली कीं खरखर व संगीत दोन्ही एकदम उतरतात, आणि डॅकची कळ वरच्या भागांत ठेवतां येते.

खरें भय निराळेंच आहे. वीज जाऊन आली आणि डॅक आधींची खूण विसरून पूर्ण आवाजावर जागा झाला, किंवा त्याची कळच बंद ठेवण्याची व्यवस्था चुकून निवडली गेली, तर २ व्होल्ट सरळ आंत शिरतात. ५० वॅटांच्या अँप्लिफायरला १ व्होल्टच पुरतो; पुढें तो लहरींचीं टोकें छाटूं लागतो, आणि उंच स्वरांच्या लहान स्पीकरची केसासारखी तार जळते. शेजारच्या खोलींत मूल निजलें असल्यास त्याची अवस्था सांगावयास नको. म्हणून अँप्लिफायर बंद ठेवून डॅकची वीज एकदां तोडावी, पुन्हा द्यावी, आणि त्याच्या पडद्यावर कोणता आंकडा येतो तें पाहावें. आंकडा कमाल असेल तर मध्यें हातानें फिरविण्याची कळ असलेली पेटी घेणें हा खर्च वायफळ नव्हे. नित्य वापरांतही अँप्लिफायर सर्वांत शेवटीं लावावा व सर्वांत आधीं बंद करावा.

ज्या घरीं रेकॉर्डी अजून वाजतात, तेथें हा हिशेब बदलतो. चुंबकी सुईंतून अवघे ५ मिलिव्होल्टांच्या आसपास निघतात. शिवाय रेकॉर्ड कोरतांना खर्ज दाबलेला व उंच स्वर चढविलेले असतात. १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें ते पुन्हा उलट करावे लागतात. बहुतेक डॅकना अशी लहर घेण्यास तोंडच नसतें. त्या घरांतून फोनो प्रीअँप हलवितां येत नाहीं.