फ्लॉपीला वाली कोण?

बालमित्रांनो, कॉम्प्युटरवर केलेलं काम 'सेव्ह' करताना तुम्ही एका छोट्या चौकोनी चित्रावर क्लिक करता. ते चित्र कशाचं आहे, ठाऊक आहे? आईबाबांना विचारून पाहा. ते लगेच म्हणतील, "अरे, ही तर फ्लॉपी!" साडेतीन इंचांची चपटी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्या पोटात चुंबकीय चकती. तिच्यात मावायचं किती? जेमतेम १.४४ मेगाबाइट! आजच्या मोबाइलनं काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा तिच्यात बसणार नाही.

आता फ्लॉपी फारशी कुठं दिसत नाही. पण फ्लॉपी चालवणाऱ्या सूचना मात्र कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये तशाच राहिल्या. त्या काढून टाकायच्या, की असू द्यायच्या? तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? राहिल्या तर राहिल्या!" थांबा, घाई करू नका.

सगळ्यांनी मिळून बांधलेलं घर

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं 'लिनक्स' लिहायला घेतलं. संगणकाचे सगळे भाग एकमेकांशी जुळवून चालवणारं हे सॉफ्टवेअर. त्याचं मूळ लिखाण त्यानं सर्वांसाठी खुलं ठेवलं. कुणीही वाचावं, सुधारावं, फुकट वापरावं! अशा सॉफ्टवेअरला 'मुक्तस्रोत' म्हणतात. जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही लिनक्सच असतं बरं का!

पण अशा कामात एक अडचण येते. कुणीतरी हौसेनं एखादी सोय जोडतो आणि पुढं नोकरीला लागतो, दुसऱ्या कामात गुंततो. सोय तिथंच राहते, सांभाळणारा निघून जातो. माळ्यावरचा तुटका पाट काही खायला मागत नाही. सॉफ्टवेअरमधली जुनी सोय मात्र मागते! शेजारचा भाग बदलला, की ही जुनी सोय बिघडली नाही ना, हे कुणीतरी तपासावं लागतं.

पहिलाच संगणक बाद!

टोरवाल्ड्सनं लिनक्स लिहिलं ते '३८६' नावाची चिप असलेल्या संगणकावर. ही इंटेल कंपनीची १९८५ सालची चिप. पुढं चिपा सुधारल्या. पण लिनक्समध्ये काही नवं करायचं म्हटलं, की ३८६साठी वेगळी तजवीज करावी लागे. अखेर डिसेंबर २०१२मध्ये तिच्यासाठीच्या सूचना काढायचं ठरलं. ज्या संगणकावर लिनक्स जन्मलं, त्याच्यावरच आता नवं लिनक्स चालणार नव्हतं! टोरवाल्ड्सला वाईट वाटलं असेल? छे! आपण हळवे नाही, गेलं ते बरंच झालं, असं त्यानं सांगून टाकलं.

अडगळीतलं विष

"पण काढायची गरजच काय? वापरू नका म्हणजे झालं!" असंही कुणी म्हणेल. त्यासाठी २०१५ सालची गोष्ट ऐका. 'क्यूएमू' नावाचं एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते एका खऱ्या संगणकाच्या आत खोटा खोटा संगणक तयार करतं. मोठ्या कंपन्या एकाच यंत्रात असे अनेक खोटे संगणक चालवतात आणि वेगवेगळ्या ग्राहकांना वापरायला देतात. या खोट्या संगणकाला खोटा फ्लॉपी ड्राइव्हही होता. त्याच्या सूचनांमध्ये २००४पासून एक चूक दडून बसली होती. तिचा फायदा घेऊन एखादा लबाड माणूस आपल्या खोट्या संगणकातून बाहेर पडून खऱ्या यंत्रात घुसू शकला असता! अकरा वर्षं ही चूक कुणाच्या ध्यानात आली नाही. तिला नाव मिळालं 'व्हेनम', म्हणजे विष. कळल्यावर ती दुरुस्त झाली. पण पाहा, फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, तरी धोका सर्वांनाच होता.

मग काढूनच टाकायचं?

तसंही नाही. २०१९मध्ये लिनक्समधल्या फ्लॉपीच्या भागावर टोरवाल्ड्सनं 'अनाथ' असा शिक्का मारला. कारण तो सांभाळणाऱ्याकडं चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. चाचणी घ्यायची कशावर? तरी तो भाग लगेच काढला नाही, कारण खोट्या संगणकांतून त्याचा वापर होत होता. पुढं एक प्रोग्रॅमर "मी बघतो" म्हणत पुढं आला आणि फ्लॉपीला वाली मिळाला!

काढायचंच झालं, तर आधी पूर्वसूचना द्यावी लागते. 'पायथॉन' या संगणकभाषेचं उदाहरण घ्या. तिच्यातले १९ जुने भाग काढायचे ठरले. २०२२मध्ये तशी सूचना दिली आणि प्रत्यक्षात ते गेले ऑक्टोबर २०२४मध्ये. ज्यांचं काम या भागांवर चालत होतं, त्यांना दोन वर्षं मिळाली. त्यांना त्रास झालाच नाही असं नाही, पण तयारीला वेळ मिळाला. शिवाय मूळ लिखाण खुलं असल्यामुळं जुनी आवृत्ती कुठं जात नाही. हवा असेल त्यानं तो भाग घ्यावा आणि स्वतः सांभाळावा.

म्हणजे मित्रांनो, 'जुनं आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. ते कोण वापरतं? काढलं तर कुणाचं अडेल? ठेवलं तर कुणाला धोका आहे? आणि सांभाळायला कोण तयार आहे? हे सगळं विचारावं लागतं.

तुमच्या वर्गातही असं काहीतरी असेलच. भित्तिपत्रकाचा फळा असेल, त्यावर अजून जूनमधलीच कविता लटकलेली! तो काढायचा की ठेवायचा, हे ठरवायला उद्या हेच चार प्रश्न वर्गात विचारा. 'ठेवायचा' म्हणून पुष्कळ हात वर येतील. मग विचारा, "दर शनिवारी नवा मजकूर कोण लावणार?" आता किती हात वर राहतात, ते मोजा बरं!